झिंगनची पोटरी आणि ‘भारतीय शरीर’ नावाची थाप

संदेश झिंगन या भारतीय बचावपटूविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: क्रोएशियातील शिबेनिक क्लबने २०२१ मध्ये त्याला घेतले, पण तो तिथे एक मिनिटही खेळला नाही; लायकी नाही हे कळताच क्लबने त्याला हाकलले; भारतीय शरीर युरोपच्या फुटबॉलला टिकतच नाही; तो गेला होता तोही वशिल्याने आणि पैशासाठी; आणि परतल्यावर त्याची कारकीर्द संपली. असले मजकूर मी एरवी वाचून सोडून देतो. हा मात्र कोल्हापुरात एका तालमीच्या संघातून सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या वडिलांनीच ‘आता तरी डोळे उघड’ अशी ओळ जोडून पाठवला, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

एक मिनिटही खेळला नाही, हे खरे आहे. नाइलाजाने का होईना, ते मान्य करावेच लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये करार झाला तेव्हा आपल्याकडे कौतुकाचा असा काही पूर आला की जणू त्याने तिथला हंगाम गाजवूनच दाखवला होता. प्रत्यक्षात सुरुवातीच्या सरावातच त्याच्या पोटरीचा स्नायू दुखावला, पदार्पण लांबत गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये तो कोलकात्याच्या एटीके मोहन बागान क्लबकडे परतला. शिबेनिकच्या खात्यावर त्याचे सामने शून्य. परंतु ज्याला मैदानावर पाहताच आले नाही त्याची लायकी कळली ती कशी, याचा खुलासा मजकूरकर्त्याने केलेला नाही. शिवाय सेंटर बॅकची जागा आघाडीपटूसारखी नसते. आघाडीच्या खेळाडूला शेवटची वीस मिनिटे उतरवून बघता येते. बचावाच्या मधोमध खेळणारी जोडी मात्र एकदा जुळली की प्रशिक्षक सहसा ती मोडत नाही, आणि सामना चालू असताना तर तिच्यातला एक जण जखमी झाल्याशिवाय किंवा लाल कार्ड मिळाल्याशिवाय तिथे क्वचितच हात लावला जातो. हंगामाच्या सुरुवातीला जायबंदी झालेल्या नवख्याला ती जागा पुन्हा उघडून मिळणे म्हणूनच फार कठीण असते.

आता ‘भारतीय शरीरा’कडे वळतो, कारण सगळ्यात निरर्थक आणि सगळ्यात अपायकारक मुद्दा हाच आहे. झिंगन सहा फुटांहून उंच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि २०१९-२० चा अख्खा हंगाम बुडाला. त्यानंतर उभा राहून २०२०-२१ साठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्यानेच घेतला. हे शरीर कच्चे असेल तर पक्के कोणते? राहिली पोटरी. बचावपटू सामनाभर उलट पावली धावतो, एका टाचेवर गर्रकन वळून आघाडीपटूच्या मागे सुटतो, हेडरसाठी जागच्या जागी उडी घेतो, आणि यातली प्रत्येक हालचाल पोटरीच्या जिवावर होते. तो स्नायू पूर्ण भरून येण्याआधी मैदानात उतरले तर तो पुन्हा फाटण्याचीच भीती असते. यात जन्मभूमीचा संबंध कुठे येतो?

तरीही ज्यांना वंश आणि हाडे मोजायचीच आहेत, त्यांनी जोनाथन वुडगेटचे उदाहरण पाहावे. हा इंग्लंडचा बचावपटू ऑगस्ट २००४ मध्ये न्यूकॅसलहून रेआल माद्रिदला गेला, तोही आधीपासून जखमी असताना, आणि त्याचा पहिला सामना उजाडला सप्टेंबर २००५ मध्ये. म्हणजे झिंगनपेक्षा दुपटीहून अधिक काळ तो बाहेर बसला होता. त्या पहिल्या सामन्यात अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध त्याने स्वयंगोल केला आणि नंतर दोन पिवळी कार्डे घेऊन तो बाहेरही गेला. स्पेनमध्ये त्याची थट्टा झाली, आणि ती व्हायचीच. पण इंग्रजांचे शरीर स्पेनला चालत नाही असा सिद्धान्त त्यावरून कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही. त्याच वुडगेटने २००८ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात, वेम्ब्लीवर, टॉटनहॅमसाठी चेल्सीविरुद्ध विजयी गोल केला. हा नियम वुडगेटला लागू होत नसेल, तर तो झिंगनलाच का लागू व्हावा?

वशिल्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर श्तिमाच क्रोएशियाचे, त्यामुळे ओळखीचा उपयोग झालाही असेल. फुटबॉलमध्ये ओळखीशिवाय कोणता करार होतो? पैशासाठी गेला म्हणावे, तर आयएसएल या भारतातल्या अव्वल लीगच्या आघाडीच्या संघातली हक्काची जागा सोडून दहा संघांच्या लीगमधल्या छोट्या क्लबात जाणारा माणूस हिशेबाला फारच कच्चा म्हणावा लागेल.

‘संपला’ हे तर सरळसरळ खोटे आहे. २८ मार्च २०२३ रोजी इम्फाळला किर्गिझस्तानविरुद्ध त्याने गोल केला. त्याच वर्षी ४ जुलैला बेंगळुरूत सॅफ या दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध शूटआउटची वेळ आली, तेव्हा पेनल्टी मारून ती जाळ्यात धाडणाऱ्यांत तो होता आणि भारताने करंडक जिंकला. पुढे एफसी गोवाने त्याला घेतले, ते काय संपलेला खेळाडू म्हणून?

झिंगनच्या क्रोएशिया प्रकरणात प्रश्न विचारायचाच असेल तर तो वयाचा आहे, आणि त्या मजकुरात नेमका तोच नाही. जुलै १९९३ चा जन्म, म्हणजे तो गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. चंडीगडच्या ज्या सेंट स्टीफन्स अकादमीत तो घडला, त्याच अकादमीचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला, तिथे दीर्घकाळ राखीव म्हणून बसला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात उतरला. बाविशीतल्या मुलाला क्लब दोन वर्षे सांभाळतो; अठ्ठाविशीतल्या जखमी बचावपटूसाठी तेवढा धीर धरत नाही, आणि त्या वयात तो खेळाडूही बाकावर बसून वर्ष घालवायला तयार नसतो. माझा भाचा अजून शाळेत आहे, त्यामुळे त्याच्या वडिलांना मी गुरप्रीतचे वय आणि साल तेवढे कळवले आहे.