बोगनवेलीची तहान

बोगनवेल लावणे सोपे आहे. तिला पाणी न घालणे हे मात्र येरागबाळ्याचे काम नव्हे. सांगलीसारख्या कृष्णाकाठच्या गावात, जिथे पत्ता विचारायला आलेल्यालाही आधी तांब्याभर पाणी दिले जाते, तिथे एखाद्या झाडाला जाणूनबुजून तहानलेले ठेवणे म्हणजे घरादाराशी वैर पत्करणे होय.

जून फांदीच्या तुकड्यापासून वाढवलेली आमची वेल गच्चीवर, भरपूर उन्हात आहे. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळाल्याखेरीज ही दक्षिण अमेरिकेची लेक मनासारखी फुलत नाही. पाणी मुबलक असले की ती वर्षभर सदाहरित राहते आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून रंगाने पेटते. आमची वेल सदाहरितपणाला इतकी जागली की तिच्यावर हिरव्याखेरीज दुसरा रंग उमटेना.

याचे कारण, आमच्या एका कुंडीत सांगली जिल्ह्यातले दोन तालुके भांडत होते. शेजारचे काका वाळवा तालुक्यातले ऊसवाले. पाणी आणि युरिया यांनी सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही, या श्रद्धेने ते येता-जाता कुंडीत चिमूटभर युरिया टाकत. नत्र जास्त झाले की बोगनवेल फुलांचे नाव टाकते आणि नुसते काटेरी फोक सोडत सुटते. आमच्या वेलीने तर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत मजल मारून माझ्या दोन सदऱ्यांचा निकाल लावला. दुसऱ्या बाजूला आटपाडीचे मामा. डाळिंबाची बाग पाणी तोडून, पानगळ करूनच बहाराला आणायची असते, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेले. कुंडीतल्या चिखलात बोट खुपसून ते म्हणाले, "अक्का, हिचं पाणी तोड. ताण बसल्याबिगर बहार धरत न्हाई."

"माझ्या दारात कुणी तहानेनं कोमेजायचं न्हाई," आई म्हणाली आणि तांदळाचे धुवण तिथेच ओतले. आटपाडीची ही लेक लहानपणी हंडाभर पाण्यासाठी लांबवर चाललेली असल्याने तिच्याशी या विषयावर वाद घालण्याचे धैर्य घरात कोणालाच नव्हते. मामांनी मग मलाच बाजूला घेऊन शिकवले: वरची माती पूर्ण सुकून पाने किंचित लवली की मगच पाणी द्यायचे, पण ते खालच्या भोकातून निथळेपर्यंत, फुलांचा बहार संपला की छाटायचे, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात, कुंडी बदलताना मुळांभोवतीची माती हलवायची नाही, कारण मुळे नाजूक असतात. आणि राखण करायची. ही राखण मी हाती छाटणीची कात्री घेऊन करीत असे, त्यामुळे आई मागच्या जिन्याने येई.

खरे तर या वेलीच्या बाबतीत सरळ काही नाहीच. ज्यांना आपण पाकळ्या म्हणून मिरवतो ती रंगीत पाने असतात आणि खरी फुले म्हणजे त्यांच्या आत दडलेल्या पांढुरक्या बारीक नळ्या. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत, 1767 साली, रिओ दि जानेरोला ही वेल कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली. त्याची मदतनीस जान बारे हीसुद्धा पुरुषवेषात जहाजावर चढलेली बाई होती. सोंगाड्या वेलीला साजेसाच हा जन्मदाखला!

अखेर माहेरच्या लग्नासाठी आई आटपाडीला गेली. काकांना मी उसाच्या तोडणीवरून बोलण्यात गुंतवून गच्चीपासून लांब ठेवले. माती तडकली, पाने गळली आणि काही आठवड्यांत वेलीवर असा राणी रंग उसळला की रस्त्यावरची माणसे मान वर करून पाहू लागली.

आईने परतल्यावर गच्चीवर जाऊन सगळे नीट न्याहाळले. "बघ," ती समाधानाने म्हणाली, "एवढं पाणी घातलेलं कुठं वाया जातंय व्हय?" आणि बादली भरायला खाली गेली.