‘रडू दे, आपोआप गप्प होतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(पन्नास वर्षं कुत्री पाळलीत असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय.) पिल्लाची टोपली सुरुवातीला आपल्या पलंगाशेजारी ठेवा, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही चांगलेच उखडलात. ‘कुत्र्याचा माणूस करू नका. आमची कुत्री अंगणात वाढली, दूधभाकरीवर जगली. गॅलरीत बांधा, रडू दे, दोन-तीन रात्रींत गप्प होतं.’

गप्प होतं, खरंय. पण तुमच्या अंगणातलं पिल्लू एकटं होतं कधी? आई तिथेच, भावंडं एकमेकांच्या अंगावर, ओसरीवर कुणीतरी पसरलेलं, पलीकडे गोठा. ८ आठवड्यांचं पिल्लू उचलून चौथ्या मजल्यावर आणलं की ती त्याची जन्मातली पहिली एकटी रात्र असते. गॅलरीत ते शिकत नाही, रडून दमतं. एकटेपणाची धास्ती मात्र मनात राहू शकते, आणि मग घरचे कामावर गेले की दार ओरबाडणं सुरू.

दुसरं कारण अगदी व्यवहारी. एवढ्याशा पिल्लाला २-३ तासांपलीकडे शू धरवत नाही. रात्री कुईकुई करत ते टोपलीत गोल फिरायला लागलं की उचलायचं, ठरलेल्या जागी न्यायचं, झाली की तिथल्या तिथे हळूच शाबासकी आणि परत टोपलीत. मोठा दिवा नाही, खेळ नाही. गॅलरीत बांधलेल्याचं हे कळणार कुणाला? पुढे टोपली रोज थोडी थोडी दाराकडे सरकवायची. बेडरूमचा सातबारा त्याच्या नावावर करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही!

‘केलेल्या शूमध्ये नाक घासा’ हे मात्र साफ चूक. मघाची शू आणि आत्ताची शिक्षा यांचा संबंध त्याला लागत नाही. तुमच्यासमोर करणं धोक्याचं, एवढंच ते शिकतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करतं.

माणसांच्या गजबजाटात वाढलेलं कुत्रं शहाणं निघतं, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे कानाडोळ्यांखालून जातं त्याची पुढे भीती वाटत नाही : कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, भंगारवाल्याची आरोळी, हेल्मेट घातलेला माणूस. गोची अशी की नेमक्या याच काळात लसीकरण अपुरं असतं. डोस ६-८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. आणि पार्व्होचा (पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या जीवघेण्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून कडेवर घेऊन सगळं दाखवा, रस्त्यावर खाली सोडू नका. अंगणातली किती पिल्लं रक्ताच्या हगवणीने जायची, तुम्हालाही आठवत असेल.

भाकरीला माझी ना नाही. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पोट बिघडतं. त्यापेक्षा चिकन उकडल्याचं बिनमिठाचं पाणी घाला, वर उकडलेलं अंडं. कांदा-लसणाची आमटी नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका तर अजिबात नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शेवटी तुम्ही लिहिलंय की नातवाने परवाच पिल्लू आणलंय आणि ते गॅलरीत साखळीला आहे. बाकीचा वाद सावकाश घालू, साखळी आधी सोडा. गॅलरीच्या गजांतून ते पलीकडे घसरलं तर गळ्याला फास बसेल.