परदेशातून : पंचवीस की बावन्न?

जून २०२५ च्या अखेरीस पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घेतले गेले, तेव्हा इथे जर्मनीत, कोलोनमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही पेढ्यांचे फोटो फिरले. निर्णय मागे गेला हे बरंच झालं. पण एप्रिलपासून चाललेल्या त्या सगळ्या वादावादीत एक मूल मला कुठेच दिसलं नाही. पहिलीच्या वर्गात बसल्यावर ज्याच्या कानावर आधी मराठीच नवी पडते, ते मूल.

पुण्यात अशी मुलं काही थोडीथोडकी नाहीत. वाघोली, हिंजवडी, उंड्री, जिथे म्हणून इमारती उठतायत तिथे पत्र्याच्या खोल्यांत कलबुर्गीची, यादगीरची, बिहार-छत्तीसगडची कुटुंबं राहतात आणि स्लॅब पडले की बिऱ्हाड उचलतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश देतो, मागे पडलेल्यांना विशेष प्रशिक्षणही देऊ करतो. प्रवेश मिळतोही. पट घसरत चाललेल्या शाळेत तर त्यांचं स्वागतच होतं. त्यानंतर वर्गावरच्या बाईंनी काय करायचं, ते मात्र बाईंचं बाईंनी बघायचं.

आकड्यांचंच घ्या. बाई म्हणतात ‘पंचवीस’, आणि कलबुर्गीकडची मुलगी लिहिते ५२. कन्नडमध्ये, तेलुगूतही, वीस आधी येतात आणि पाच मागून. मराठीत पाच आधी ऐकू येतात, म्हणून ती पाच आधी लिहिते. तिचं गणित पक्कं असतं, शेरा मात्र ‘कच्ची’ असा पडतो. २०२२ नंतर युक्रेनहून इथे आलेल्या मुलांचं अगदी हेच झालं, कारण जर्मन आकडेही आपल्यासारखेच एककापासून सुरू होतात. सीरियाच्या मुलांना ती अडचण नव्हती, अरबीचा क्रमही तोच. हे ज्या शिक्षकाला माहीत असतं तो लाल पेन खाली ठेवतो, काड्यांचे गठ्ठे काढतो, आठवडाभर दशक-एकक मांडून घेतो आणि पुढे सरकतो.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा आपण काय केलं ते आठवतंय? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे सांगत होत्या, आणि विधानसभेपर्यंत कोट्या चालल्या होत्या. (जर्मनीत याच मागणीसाठी २००४ पासून एक संघटना आहे. तिलाही फारसं कोणी मनावर घेत नाही.) ती पद्धत योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण परभाषेतून आलेल्या मुलाचा त्या चर्चेत कुणी उल्लेखही केल्याचं मला आठवत नाही.

जर्मनीला शहाणपण लवकर सुचलं असं मुळीच नाही. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, ‘पाहुणे आहेत, परत जातील’ असं स्वतःला समजावलं आणि त्यांच्या मुलांच्या भाषेचा प्रश्न कित्येक वर्षं तसाच लोंबकळत ठेवला. २००१ च्या डिसेंबरात पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले आणि मुलाचं घर कुठलं यावर त्याचं शिक्षण किती ठरतं, हे आकड्यांत दिसलं. नाचक्की झाली. आमच्या राज्यात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, २००९ च्या कायद्याने प्रत्येक भावी शिक्षकाला ‘दुसरी भाषा म्हणून जर्मन’ हा अभ्यास सक्तीचा झाला. प्रत्येक म्हणजे भौतिकशास्त्राच्या आणि खेळाच्या शिक्षकालाही. यातला ‘प्रत्येक’ मला फार महत्त्वाचा वाटतो. नाहीतर ही मुलं भाषेच्या बाईंच्या गळ्यात घालून बाकीचे मोकळे होतात.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. नव्याने आलेल्यांचे वेगळे वर्ग भरतात आणि मधल्या सुट्टीतही ती मुलं आपापसातच खेळतात. चौथीनंतर, दहाव्या वर्षी, पोरांची शाळांच्या प्रकारांत वाटणी होते, तेव्हा भाषेत अडखळणारं मूल बहुधा खालच्या प्रकारात जातं. ही वाटणी आपल्याकडे नाही, हे आपलं सुदैव.

मराठीच्या अभिमान्यांना माझा प्रश्न आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केलीत, उत्तम. पण ज्याच्या घरी मराठी नाही त्याला ती शिकवण्याची पद्धत बी.एड.ला, डी.एल.एड.ला किती शिकवली जाते? आपण इथे शनिवारी स्वतःच्या पोरांसाठी मराठी शाळा भरवतो आणि जर्मन शिक्षकाने त्यांच्या घरच्या भाषेचं कौतुक करावं अशी अपेक्षा धरतो. तीच माणसं पुण्याच्या ग्रुपवर ‘महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे’ असं लिहितात. येऊ दे की! पण गवंड्याच्या मुलीला ती धाकाने येणार नाही.

शिक्षक म्हणतील, आणखी एक प्रशिक्षण नको. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोर्टलवरच्या माहित्या, त्यात ऑनलाइन व्हिडिओ पुढे ढकलत मिळवलेली प्रमाणपत्रं. त्यांचं खरं आहे. म्हणूनच मला हवं आहे ते व्हिडिओतलं प्रशिक्षण नाही. राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद कुमठेकर रस्त्यावर, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. कन्नड, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या नेहमीच्या चुका आणि त्यांची कारणं सांगणारी एक पातळ पुस्तिका या दोघांनी मिळून काढावी. आणि बाईंना ती वापरायला आठवड्यातला एक तास इतर कामांतून मोकळा द्यावा. पुस्तिकेपेक्षा हा तास मिळवणं अवघड जाईल.