पेपर दारात, बातमी ग्रुपवर

दादा, नमस्कार. कोणत्या देशात लोकांना बातम्या कुठून मिळतात, या माझ्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं असं, की जपान-फिनलंडचे दाखले देऊन आम्हाला मागास ठरवू नका. बेळगावात 1919 पासून 'तरुण भारत' निघतोय, आपल्या कर्नाटक सीमेवरच्या सदलग्यात आजही घरोघरी पेपर येतो.

येतो की. माझ्याही घरी येतो. पण बातमी आधी कळते कुठून? फिनलंडमध्ये बरेच जण थेट वर्तमानपत्राच्या साइटवर किंवा ॲपवर जातात. जपानात याहू, दक्षिण कोरियात नेव्हर अशा वेबसाइटवर वेगवेगळ्या पेपरांच्या बातम्या एका जागी वाचतात. आणि प्रचंड खपाचा पेपर 'योमिउरी शिंबुन' जपानचाच! म्हणजे दारात पेपर येऊनही बातमी दुसरीकडून कळू शकते. यात मागास कोण ठरलं?

लोक बातम्या कुठून घेतात याची अनेक देशांत पाहणी करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अहवालातले भारताचे आकडे तुम्हाला पटले नाहीत. ते मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेटवर बातम्या बघणाऱ्यांचे आहेत. त्यात निपाणी-खानापूर शोधायचंच नाही.

आपलं गणित वेगळंच आहे. काळम्मावाडी धरणातून दूधगंगा नदीत पाणी सोडलं की ते कारदगा, सदलग्याकडं येणार. धरण महाराष्ट्रात, पाणी आपल्या शिवारात. विसर्ग किती, हे कोल्हापूरच्या मराठी पेपरात. शाळेला सुट्टी आहे का, हे कन्नड आदेशात. दोन्ही एकत्र सापडतं ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ई-पेपरचं कात्रण, त्याखाली कन्नड पत्रकाचा फोटो, मग कुणाचा तरी व्हॉइस मेसेज. सीमेवर तापलं की महाराष्ट्राची एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं येते का, तेही तिथंच. फक्त कात्रणावरची तारीख कापलेली असते. 2019 च्या महापुराचे फोटो दर पावसाळ्यात ताजे होऊन येतात ते त्यामुळंच.

'परदेशाचा आमच्याशी काय संबंध', असंही विचारलंत. कॅनडानं मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी बातम्यांपोटी माध्यमांना पैसे द्यावेत असा कायदा केला, तेव्हा फेसबुकची मालक कंपनी मेटानं ऑगस्ट 2023 मध्ये तिथं फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळं तिथलं येलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. लोक बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून फिरवत होते, म्हणजे आपलं कात्रणच. व्हॉट्सॲपही मेटाचंच आहे, दादा.

आता तुम्हीच लिहा: नदीला पाणी चढतंय हे गेल्या पावसाळ्यात तुम्हाला आधी पेपरातनं कळलं, की मोबाईलवर?