त्या अळ्या वेगळ्या, या वेगळ्या

'शुगरच्या जखमेत किडे पडले तर घाबरू नका. ते सडकं मांस खाऊन जखम साफ करतात, अमेरिकेत डॉक्टर मुद्दाम सोडतात. दवाखान्यात नेलंत तर पाय कापतील. किडे शरीरातल्या विषातूनच होतात. फार झाले तर रॉकेल ओता. आणि ॲडमिट पेशंटच्या जखमेत निघाले तर ते हॉस्पिटलचंच पाप.' हा मजकूर तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात थोडं खरं आहे, तेच घातक.

अमेरिकेत डॉक्टर अळ्या सोडतात, हे खरंच. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या शल्यचिकित्सकाला जखमी सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा आतून स्वच्छ दिसल्या. पुढे 1929 च्या सुमारास बाल्टिमोरला त्याने हाडांच्या जुनाट संसर्गावर त्या वापरल्या. पण त्याच्याच काही रुग्णांना धनुर्वात झाला, आणि तेव्हापासून अंडी निर्जंतुक करायची पद्धत आली. 2004 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती अशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोजून सोडलेल्या अळ्यांना. दर चौरस सेंटिमीटरला पाच ते दहा, वर जाळीची पट्टी, दोन-तीन दिवसांनी सगळ्या बाहेर. जातही ठरलेली: ल्युसिलिया सेरिकाटा, तिला मेलेलं मांस लागतं.

आपल्याकडे जखमेवर बसणारी माशी काही जात विचारून बसत नाही. क्रायसोमिया बेझियाना ही भारतात सर्रास आढळते, गुरांच्या जखमेत किडे पडतात त्यामागे बहुधा हीच. तिची अळी जिवंत मांस पोखरत आत जाते. नाकात पडली तर डोळ्याच्या खोबणीपर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत.

विषातून किडे होतात? झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेडी या वैद्याने 1668 मध्येच दाखवलं; त्या माशीच्या अंड्यांतून होतात. मधुमेहात आणि कुष्ठरोगात हे जास्त दिसतं, कारण पाय बधिर असतो. माशी बसली, अंडी घातली, अळ्या वळवळू लागल्या, तरी माणसाला पत्ता नसतो.

रॉकेल ओतायच्या सल्ल्याचं मूळ बहुधा टर्पेंटाइनच्या तेलात असावं. डॉक्टर ते वापरतात. अळीची श्वास घ्यायची छिद्रं शेपटीकडे असतात. तोंड मांसात, शेपटी बाहेर. तेलाने छिद्रं बुजली की ती वर येते आणि चिमट्याने पकडता येते. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, दोन-तीन दिवस हेच चालतं. घरी रॉकेल ओतलं तर चांगली कातडी भाजते, आणि खोलवरच्या अळ्या मरून तिथेच सडतात. डांबराच्या गोळ्यांची पूड तर नकोच; ती रक्तात गेली तर काहींच्या तांबड्या पेशी फुटतात.

पाय कापावा लागतो तो गँगरीनमुळे, म्हणजे मांस मरून सडल्यामुळे, अळ्यांमुळे नव्हे. आणि घरी घालवलेल्या आठवड्यात गँगरीन थांबत नाही.

राहिलं हॉस्पिटलचं पाप. इथे अळीचं वय बोलतं. अंडं साधारण दिवसभरात फुटतं, पूर्ण वाढीला पाच ते सात दिवस लागतात. काल दाखल झालेल्या पेशंटच्या जखमेत आज बोटाच्या पेराएवढ्या अळ्या निघाल्या तर त्या घरूनच आल्यात, नर्सशी भांडू नका. पण पंधरा दिवस वॉर्डात असलेल्याच्या पट्टीखाली निघाल्या, तर खिडकीला जाळी नव्हती का आणि पट्टी शेवटची कधी सोडली होती, हे जरूर विचारा.