रिझर्व्हेशन डेस्कबद्दलच्या तुमच्या तक्रारीला मालक म्हणून माझं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज ऑफिसात आल्या आल्या तुमच्या तिन्ही कॉलची रेकॉर्डिंग ऐकली. आमच्या साइटवर आठ जणांसाठी तीन रात्री भाड्याचं घर बुक केलं, पैसे भरले, कन्फर्मेशन आलं आणि नवव्या दिवशी फोन आला की घर आधीच दुसऱ्यांचं आहे, असं तुम्ही लिहिलंत. ते अक्षरशः खरं आहे. आईंच्या गुडघ्यांसाठी तुम्ही तळमजल्यावर बेडरूम असलेलं घर शोधलं होतंत आणि बदली म्हणून आम्ही दाखवलेल्या घराला चौदा पायऱ्या होत्या. त्याला पर्याय म्हणायलाच नको होतं. मी तुमची आणि आईंची मनापासून माफी मागते.

जास्त पैसे मिळाले म्हणून आम्ही घर दुसऱ्याला दिलं, असा तुमचा समज झाला आहे. तसं झालेलं नाही. हे घर आमच्या आणि आणखी दोन साइटवर लावलेलं असतं. तिघांची कॅलेंडरं आयकॅल लिंकने, म्हणजे बुक झालेल्या तारखांच्या फाइलच्या लिंकने, जोडलेली होती. या पद्धतीत बुकिंगची वर्दी आपणहून येत नाही. प्रत्येक साइट ठरावीक वेळाने दुसरीची फाइल उघडून बघते, आणि मध्ये काही तासही जाऊ शकतात. ज्यांना ते घर गेलं, त्या कुटुंबाचं बुकिंग दुसऱ्या साइटवर दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी झालं, तुमचं २ वाजून २५ मिनिटांनी. त्या सव्वादोन तासांत आमच्या स्क्रीनवर तारखा मोकळ्याच होत्या. पुढे त्या साइटची फाइल आली तोवर तुमच्या बुकिंगमुळे तेच रकाने लाल, म्हणजे भरलेले, झालेले. लालावर लाल पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हे सापडावं म्हणून आम्ही दर आठवड्याला सगळी बुकिंगं हाताने ताडून बघतो. सुट्ट्यांच्या गर्दीत मी ते काम करणाऱ्याला फोनवर बसवलं आणि त्या आठवड्याची तपासणी राहिली. निर्णय माझा होता.

पैशांबद्दलही तुमचा राग रास्त आहे. परतावा आम्ही त्याच दिवशी टाकला, पण कार्डावर तो दिसायला ५ ते १० कामकाजाचे दिवस लागू शकतात. तरी ‘लगेच जमा होतील’ हे वाक्य आम्हीच डेस्कला लिहून दिलं होतं. ते काढलं आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. फोनवरची मुलगी खोटं बोलली, तिला काढून टाका, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या कॉलमध्ये तुम्हाला २२ मिनिटं होल्डवर ठेवलं. तुम्हाला फक्त संगीत ऐकू येत होतं. त्या वेळात ती दुसऱ्या लाइनवर एकेका घरमालकाला विचारत होती: खाली झोपायची खोली आहे का, बाथरूमला उंबरा आहे का, गाडी दारापर्यंत येते का? चार घरमालकांशी बोलली, एकही घर तुमच्या गरजेत बसलं नाही. मधे दोनदा तरी येऊन तिने तुम्हाला हे सांगायला हवं होतं, एवढी चूक तिची. ‘मला अधिकार नाही’ हे ती तीनदा म्हणाली, आणि ते खरंच होतं. स्वच्छता शुल्कासकट पूर्ण परतावा मंजूर करणं किंवा महागडं घर त्याच दरात देणं फक्त माझ्या हातात होतं, आणि मी प्रवासात होते, फोन बंद. मी स्वतः सात वर्षं त्या खुर्चीवर बसले आहे. समोरचा माणूस रडवेला झालेला आणि आपल्या हातात काहीच नाही, ही अवस्था मला ठाऊक आहे. तरी मी तिला त्यातच सोडलं.

आता तिन्ही साइट थेट जोडणीवर घेतल्या आहेत. बुकिंग झालं की इतर ठिकाणच्या तारखा लगेच बंद होतात. आमच्या चुकीने घर गेलं, तर पूर्ण परतावा द्यायचा किंवा दरातला फरक आम्ही सोसून दुसरं घर द्यायचं, हा अधिकार आजपासून डेस्कवर असलेल्या प्रत्येकाला आहे, माझ्या सहीविना.

तुमचं स्वच्छता शुल्कही आज परत केलं आहे. ऐनवेळी घेतलेल्या घरासाठी जे जास्त पैसे गेले, त्याची पावती कन्फर्मेशनवरच्या ईमेलला पाठवा. फरक आम्ही भरू. आणि त्या दिवशी तिने वहीत लिहिलेले तीन प्रश्न आता आमच्या प्रत्येक घराच्या माहितीत जात आहेत. पायऱ्यांचा रकाना ती स्वतः भरते आहे, घरमालकांना फोन करकरून.