रुईवरचा रंगीत नाकतोडा म्हणजे टोळधाड नव्हे

तासगावजवळच्या बांधावर रुईवर बसलेल्या पिवळ्या-निळ्या पट्ट्यांच्या नाकतोड्याचा फोटो ‘टोळधाड आली, फवारणी करा’ म्हणून फिरतोय. चूक माझीही आहे. त्याखाली ‘कूळ ॲक्रिडिडी’, म्हणजे टोळांचंच, असं परवा मीच लिहिलं होतं.

काल भिंग घेऊन बांधावर गेलो. डोकं पुढे निमुळतं आणि त्याच्या टोकाला बारीकशी उभी खाच. ही पिर्गोमॉर्फिडी कुळाची खूण. हा पोइकिलोसेरस पिक्टस, मुख्यतः रुई खाणारा. 2020 साली विदर्भात आलेला वाळवंटी टोळ मात्र ॲक्रिडिडीतलाच. त्याचे थवेच्या थवे येतात. इथे एका झुडपावर सात-आठ, आणि शेजारची द्राक्षबाग जशीच्या तशी.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.